टोकियोत राहून जपानीशी गट्टी कशी जमवायची: आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची मिरजेची, गेली अकरा वर्षं टोकियोच्या एदोगावा भागात राहते, निशिकासाई स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागे आले आणि पहिली दोन वर्षं 'आरिगातो' (धन्यवाद) आणि 'सुमिमासेन' (माफ करा) या दोनच शब्दांवर काढली, म्हणजे खाली जे काय शहाणपण दिसेल ते सगळं उशिरा आलेलं आहे. नवीन आलेली मंडळी तेच तेच विचारतात, मी तेच तेच सांगते, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

निशिकासाईत तर सगळं आपलंच मिळतं, मग जपानी नाही आलं तरी चालतं ना?

चालतं की. तेच तर दुखणं आहे. इथे तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, भारतीय शाळा आहेत, गणपती होतो, दिवाळी होते. २००० सालाच्या आसपास कॉम्प्युटरमधल्या तारखांचं ते वायटूकेचं प्रकरण झालं तेव्हा आपले आयटीवाले मोठ्या संख्येने आले आणि तोझाई मेट्रो लाइनवरून ओतेमाचीची ऑफिसं सरळ गाठता येतात म्हणून इथेच राहिले, तेव्हापासून हे वाढतच गेलंय. त्यामुळे दहा वर्षं राहूनही शेजारच्या बाईचं नाव माहीत नाही असे लोक मला माहिती आहेत, आणि त्यांचं काही अडलेलं पण नाही.

अडतं ते कधी? पोराला रात्री ताप भरला की, शाळेतून फोन आला की, घरमालकाने काहीतरी कागद दारात टाकला की. आणि तेवढंच नाही हो, एकटेपणा पण येतो, विशेषतः घरी असणाऱ्या माणसाला. दुसऱ्या टोकाला बघायचं तर योगेंद्र पुराणिक आहेत, मराठी माणूस, २०१९ ला याच एदोगावाच्या नगरसभेवर निवडून आले, भारतात जन्मलेला माणूस जपानात निवडणूक जिंकला अशी ती पहिलीच वेळ. नंतर ते इबाराकी प्रांतात सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपल झाले. एवढं आपल्याला कुठे करायचंय, पण भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलण्यापासून तिथपर्यंत रस्ता एकच आहे.

सुरुवात कुठून करू? सगळी पुस्तकं इंग्रजीतून आहेत.

पुस्तक इंग्रजीतलं घ्या, पण डोक्यात मराठीच ठेवा. माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे आणि मी ते प्रत्येकाला ऐकवते, लोक कंटाळलेत. मी दोन वर्षं इंग्रजीतून जपानी शिकायचा प्रयत्न केला, प्रत्येक वाक्य उलटं वाटायचं. मग एक दिवस वहीत इंग्रजीऐवजी मराठी अर्थ लिहिले आणि बघतच राहिले.

हे बघा: 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'कात्ते ओकु' म्हणजे घेऊन ठेवणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'कात्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. 'शिते मोराउ' म्हणजे करून घेणे. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येकावर एकेक धडा आहे, दोन दोन पानं समजावलंय की 'मिरु' म्हणजे बघणे पण इथे बघणे नाही तर प्रयत्न करणे वगैरे. आपल्याला काय समजवायचंय त्यात, आपली आई रोज म्हणते की मीठ घालून बघ, दूध आणून ठेव, उरलंय ते खाऊन टाक!

अजून एक. 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे जपानीत 'वाताशि गा किनोऽ कात्ता होन'. मी, काल, घेतलेलं, पुस्तक. शब्द जागच्या जागी. क्रियापद शेवटी आणि 'ला', 'त', 'हून' शब्दाला मागून चिकटतात, हेही आपल्यासारखंच. वर लिंग नाही, तो ती ते नाही, म्हणजे आपल्यापेक्षा सोपीच झाली की.

मग सगळं इतकं सोपं आहे तर लोक रडतात कशाला?

कांजीमुळे, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांमुळे! रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत २१३६ कांजी आहेत, त्यातल्या १०२६ तर प्राथमिक शाळेतच शिकवतात. एकेकीचे दोन-तीन उच्चार. याला काही मराठी औषध नाही, गिरवत बसायचं.

बाकी दोन लिप्या, हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ अक्षरांच्या, त्या मात्र तीन आठवड्यांत होतात. आणि त्यांचा क्रम बघा: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतोय ना? योगायोग नाहीये तो. पूर्वीचे बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी शिकायचे, त्या वर्णमालेवरून हा क्रम बसवलाय. ती सिद्धम अजून जिवंत आहे इथे, कुठल्याही दफनभूमीत जा, थडग्यामागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात त्यांच्यावर वरच्या बाजूला ब्रशने काढलेली अक्षरं दिसतील, आपल्या देवनागरीच्या चुलत आजीसारखी. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बराच वेळ तिथे उभी होते, लोकांना वाटलं असेल या बाईचं कोणीतरी गेलंय.

उच्चार जमतात का आपल्याला?

आपल्याला फार छान जमतात, फक्त कोणी सांगत नाही. ते 'त्सु' म्हणून लिहितात ना, ते 'त' आणि 'सु' तोडून म्हणायचं नाही, चुन्यातला 'च' म्हणायचा. चुना म्हणा, आता पुढे 'मी' लावायच्या आधी 'ना' ऱ्हस्व करा, झाली चुनामी, म्हणजे त्सुनामी. हिंदीवाल्यांना हा 'च' नाही, त्यांना शिकावा लागतो. जोडाक्षर पण आपलंच: 'किते' म्हणजे ये, आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट, कित्ता गिरवल्यासारखं म्हणा.

जपायचं ते दीर्घ स्वराला. 'ओबासान' म्हणजे मावशी, काकू, आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. मी तिसऱ्या मजल्यावरच्या पन्नाशीच्या बाईंना चार महिने लिफ्टमध्ये प्रेमाने आजी आजी करत होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नंतर जिन्याने जायला लागल्या. खरं तर मावशी पण म्हणायचं नसतं, आडनाव विचारायचं आणि 'सान' लावायचं, हे मला क्लासमध्ये कळलं.

शब्द लक्षातच राहत नाहीत हो.

जोडशब्दांपासून धरा. आपण म्हणतो लुसलुशीत, गुळगुळीत, कुरकुरीत, बुळबुळीत, तसे यांच्याकडे ढिगाने आहेत: लुसलुशीत पावाला 'फुवाफुवा', गुळगुळीतला 'त्सुरुत्सुरु', कुरकुरीतला 'साकुसाकु', भेंडीच्या चिकट ताराला 'नेबानेबा'. चांदणी 'किराकिरा' करते, छाती 'दोकिदोकि' करते.

आणि हे नुसतं गंमत म्हणून नाही, डॉक्टरकडे खरं उपयोगी पडतं. इथला डॉक्टर विचारतो की दुखतंय ते कसं दुखतंय. 'झुकिझुकि' म्हणजे ठसठस, दाताची असते तशी. 'गानगान' म्हणजे डोक्यात घण घातल्यासारखा ठणका. 'हिरिहिरि' म्हणजे चुरचुर, भाजल्यावर होते ती. 'मुकामुका' म्हणजे मळमळ. माझी दाढ गेली तेव्हा मी फोनवर ट्रान्सलेटर लावून इंग्रजीतून सांगत बसले होते की पेन आहे, पेन आहे, आणि डॉक्टर विचारतोय कसला, कसला. मराठीत मला नेमकं माहीत होतं की ठसठस आहे, जपानीतही त्याला नेमका शब्द होता, मध्ये इंग्रजी घुसल्यामुळे सगळा घोटाळा.

क्लास लावू का? परीक्षा द्यावी का?

पैसे असतील, वेळ असेल तर शाळा लावा, पण त्याआधी वॉर्ड ऑफिसात म्हणजे 'कुयाकुशो'त जाऊन 'चिइकि निहोंगो क्योऽशित्सु' कुठे भरतो ते विचारा. हे व्हॉलंटियर लोकांनी चालवलेले वर्ग असतात, कुठे फुकट तर कुठे झेरॉक्सपुरते पैसे, शिकवणारे बहुतेक साठी-सत्तरीतले रिटायर्ड लोक. शिकवणं कधीकधी यथातथाच असतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे तुम्हाला एक माणूस मिळतो जो दर आठवड्याला तासभर तुमचं मोडकं-तोडकं ऐकून घेतो. माझ्या वर्गातल्या आजींनी मला 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक कधीच नीट सांगितला नाही, पण लोणच्याचा मुळा कसा दाबून ठेवायचा ते दाखवलं.

परीक्षा म्हणजे जेएलपीटी, एन५ पासून एन१ पर्यंत, एन५ सगळ्यात सोपी, जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात पण सेंटर आहे. एन५ ला १८० पैकी ८० मार्कांना पास, पण प्रत्येक विभागात वेगळे किमान मार्क लागतात हे विसरू नका. नोकरीसाठी एन२ तरी मागतात. मात्र त्यात बोलणं नाही, लिहिणं नाही, सगळे गोल काळे करायचे. त्यामुळे एन२ पास झालेला माणूस सलूनमध्ये 'थोडे बारीक करा' सांगू शकत नाही असंही बघितलंय मी, आणि तो माझ्याच घरात राहतो.

जे अजून भारतात आहेत त्यांनी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात बघावं, पुण्यात जपानी शिकवायची परंपरा जुनी आहे. आणि सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग आहे ना, ती ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, तिथे भेळ खायच्या आधी एकदा ते तळं आणि पूल नीट बघून घ्या.

शेजारी बोलतच नाहीत. आपणहून ओळख करावी की नको?

करावी, आणि पहिल्याच आठवड्यात करावी, नंतर दोघांनाही अवघड होतं. राहायला आल्यावर दोन्ही बाजूच्या आणि खालच्या घरी जाऊन छोटं काहीतरी द्यायची पद्धत आहे, छोटा टॉवेल, बिस्किटांचा पुडा, पाचशे ते हजार येनपर्यंतचं. मोठी गिफ्ट देऊ नका, त्यांना परतफेडीचं टेन्शन येतं. आजकाल टोकियोत जपानी लोक स्वतःच हे फारसं करत नाहीत पण आपण केलं तर चांगलंच लक्षात राहतं. देताना जुन्या वळणाचे लोक म्हणतात 'त्सुमारानाई मोनो देसु गा', शब्दशः 'काही विशेष नाही हो', म्हणजे आपलं फूल ना फुलाची पाकळी. एकेक वेगळं पॅक केलेलं असलं तर उत्तम, चिक्की चालते, बाकरवडी तर धावते, पेढे मात्र त्यांना डोकं उठेपर्यंत गोड लागतात, त्यांच्याकडे 'फार गोड नाही' ही मिठाईची तारीफ असते.

दुसरा रस्ता म्हणजे कचरा, हसू नका! कुठल्या दिवशी जळणारा, कुठल्या दिवशी प्लास्टिक, बाटल्या कधी, मोठं फर्निचर असेल तर फोन करून बुकिंग आणि दुकानातून स्टिकर, हे सगळं शेजारच्या काकांना विचारा, येत असलं तरी विचारा. त्या विषयावर ते अर्धा तास बोलतील, जो माणूस एरवी हवापाण्यापलीकडे जात नाही.

आणि सकाळी साडेसहाला जवळच्या बागेत चक्कर टाका. रेडिओवर 'राजिओ ताइसो' लागतं, १९२८ पासून चालू आहे, पियानोच्या तालावर दहा मिनिटं हातपाय हलवायचे. भाषा लागत नाही, पुढच्याचं बघून करायचं. आठवडाभर गेलात की सात-आठ आजीआजोबा तुमच्या खिशात.

'बघतो' म्हणतात आणि काहीच करत नाहीत. सरळ नाही का म्हणत नाहीत?

आपण म्हणतो का? 'येतोस का रविवारी?' 'बघू, जमलं तर येतो.' याचा अर्थ अख्ख्या महाराष्ट्राला कळतो. तसंच यांचं 'चोत्तो…' म्हणून वाक्य अर्धवट सोडणं आणि ऑफिसातलं 'केंतोऽ शिमासु', म्हणजे विचार करतो. ते नाहीच आहे, परत विचारून लाजवू नका. आणि तुम्ही बोलताना ते सारखं 'हाय, हाय' करतात ते होकार म्हणून नव्हे, फोनवर आपली काकू 'हं… हं…' करते ना, तेवढंच. 'सोऽ देसु का' म्हणजे आपलं 'हो का'. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात ते आपलं 'ना', 'ई तेंकि देसु ने', छान हवा आहे ना. हे तीन तुकडे तोंडात बसले की बाकी जपानी येत नसतानाही तुम्ही तासभर गप्पा मारू शकता, मी मारल्यात.

घरातले शब्द पण शिकून घ्या. बाहेर पडताना 'इत्तेकिमासु', शब्दशः जाऊन येतो. मागे राहिलेला म्हणतो 'इत्तेराश्शाई', जाऊन या. माझी आजी नुसतं 'जातो' म्हटलं की ओरडायची, 'येतो म्हणावं रे', आणि इथे सकाळी बिल्डिंगच्या प्रत्येक दारातून तेच ऐकू येतं.

शाकाहारी आहे. खरंच उपाशी मरायची वेळ येते का?

बाहेर खाताना सांभाळावं लागतं, कारण मांस दिसतं पण 'दाशि' दिसत नाही. दाशि म्हणजे बहुतेक पदार्थांचा आधार असलेलं पाणी, ते वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस उकळून केलेलं असतं, म्हणून भाजीची उसळ, तोफू, नूडल्सचा रस्सा, टेंपुराची चटणी, सगळीकडे ते असू शकतं. आणि 'मांस नको' म्हटलं तर मासा मांसात धरत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशि मो दामे देसु', मांस-मासे खात नाही, दाशिपण नको. टेंपुऱ्याला चटणीऐवजी 'शिओ', मीठ, मागा. देवळांच्या आसपास 'शोऽजिन र्योऽरि' मिळतं, भिक्षूंचं जेवण, त्यात मांस-मासा नसतो, पण महाग पडतं.

पाकिटं वाचायला दोन कांजी आधी शिका. मांसाची म्हणजे एक चौकट आणि तिच्यात एकाखाली एक दोन माणसं उभी असल्यासारखं दिसतं. माशाची म्हणजे खाली चार ठिपके आणि वर शेतासारखी चौकट. कोण किती कडक पाळतो हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझ्या सासूबाई इथे तीन महिने राहिल्या आणि नंतर म्हणाल्या की जे दिसत नाही त्याचं पाप नाही, मी काही बोलले नाही.

घरी मात्र चैन आहे. अळकुड्या 'सातोइमो' म्हणून मिळतात, कमळकाकडी 'रेंकोन', मुळा तर हातभर लांब. आपल्या एदोगावाची स्वतःची भाजी पण आहे, 'कोमात्सुना', इथल्याच कोमात्सुगावा भागावरून नाव पडलंय. पालक आणि मोहरीच्या पाल्याच्या मधलं काहीतरी, लसणाची फोडणी द्या, भिजवलेली मूगडाळ टाका, वर झाकण नको, रंग जातो. मी हीच भाजी डब्यात घालून क्लासच्या आजींना दिली, त्यांनी सत्तर वर्षं जी भाजी फक्त उकडून सोया सॉस घालून खाल्ली होती ती त्यांना ओळखूच आली नाही.

देवळात गेलेलं चालतं का? आपल्याला काय करायचं ते कळत नाही.

चालतं, कोणी अडवत नाही. लाल कमान असलेलं शिंतो 'जिंजा' असेल तर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. बौद्ध 'तेरा' असेल तर टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. चुकलं तरी आभाळ कोसळत नाही.

आणि आत कोण बसलंय ते बघा जरा! हातात वीणेसारखं वाद्य घेतलेली 'बेंझाइतेन' म्हणजे सरस्वती. 'बिशामोनतेन' म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. आणि गणपती पण आहे, 'कांगितेन' किंवा 'शोऽतेन' नावाने. असाकुसाजवळ मात्सुचियामा शोऽदेन म्हणून देऊळ आहे, निशिकासाईहून निहोंबाशीला गाडी बदलून असाकुसा, तिथून थोडं चालायचं. मूर्ती बघायला मिळत नाही, ती कायम झाकलेली असते, आणि नैवेद्याला दूर्वा-मोदक नाही तर चक्क मुळा. पांढरा अख्खा मुळा, तिथेच विकत मिळतो, तो पुढे ठेवायचा. देवळाच्या भिंतींवर, दिव्यांवर सगळीकडे मुळे कोरलेत. मी पहिल्यांदा गेले ती संकष्टी होती, उपास सोडायला घरी येऊन मुळ्याचीच कोशिंबीर केली.

मोदक अगदीच नाही असं नाही हां. क्योतोला कामेया कियोनागा नावाचं १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे, तिथे 'कांगिदान' मिळतं. वरून चुण्या घालून बांधलेली पुरचुंडी, तिळाच्या तेलात तळलेली, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण. हा आपला तळणीचा मोदकच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आलेला. चव? पुरणात सुगंधी द्रव्यं घालतात, त्यामुळे उदबत्तीच्या दुकानात बसून करंजी खाल्ल्यासारखं वाटतं. मला आवडलं, नवऱ्याने अर्धा परत दिला.

बाबासाहेबांना मानणारे कोणी कोयासान या बौद्ध तीर्थाला गेलात तर तिथल्या विद्यापीठात त्यांचा पुतळा आहे, २०१५ ला बसवला, बघून या.

फॉर्मवर नाव लिहिताना गोंधळ होतो.

होणारच. पासपोर्टमध्ये आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, यांना मधलं नाव ही भानगड कळत नाही. एका दवाखान्यात नर्स दहा मिनिटं माझ्या नवऱ्याच्या नावाला 'सामा' (जास्त आदराचं 'सान') लावून हाका मारत होती आणि मी शांतपणे मासिक चाळत बसले होते. शिवाय काताकानात 'व'चा 'ब' आणि 'ल'चा 'र' होतो, वैशालीची बाइशारी होते. एकच स्पेलिंग ठरवा, वहीत लिहा आणि बँक, मोबाइल, ऑफिस सगळीकडे काना-मात्रा तेच द्या, नाहीतर पगार जमा होताना अडकतो.

मुलं जपानी शाळेत घातली तर मराठी विसरतील का?

थोडी विसरतील, हो. जपानी शाळेत ती तीन महिन्यांत तुमच्यापुढे जातात, वर्षाने तुमचे उच्चार सुधारतात, आणि घरी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देतात. भारतीय शाळेत घातली तर उलट, जपानी राहतं. मी पोरीला जपानी शाळेत घातलं आणि घरात मराठीच असा नियम केला, नियम निम्मा पाळला जातो. एक फायदा झाला, तिच्यामुळे मी वाचायला लागले. लायब्ररीत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं असतात, सगळी हिरागानात, मी तिला वाचून दाखवायचे आणि ती मला थांबवून दुरुस्त करायची. तयारी ठेवा मात्र, बालवाडीत घालताना आईने शिवायच्या पिशव्यांची यादी येते, चपलांची वेगळी, डब्याची वेगळी, मापं सेंटिमीटरमध्ये. विकतही मिळतात, हे मला चार पिशव्या शिवून झाल्यावर समजलं.

भूकंप, पूर वगैरे आला तर जपानी न येणाऱ्याने काय करायचं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. एदोगावाची साधारण सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. २०१९ ला वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या भागाच्या नकाशावर लिहिलंय 'कोको नि इते वा दामे देसु', इथे थांबू नका. एन५ चं व्याकरण आहे बघा हे! इतकं सोपं मुद्दाम लिहितात. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत, तेव्हापासून 'यासाशिइ निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, वापरायची पद्धत सुरू झाली. 'निगेते' म्हणजे पळा, 'ताकाई तोकोरो' म्हणजे उंच जागा, हे घरातल्या सगळ्यांना, आलेल्या आईवडिलांनापण शिकवा. सप्टेंबरात वस्तीची कवायत असते तिला जा, आगीचं नळकांडं हातात देतात आणि शेवटी डब्यातला भात देतात, शेजाऱ्यांना पण कळतं की या घरात चार माणसं राहतात.

डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं का?

इमिग्रेशनची परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत. दुकानात काउंटरवर उभं राहिलात तर सहा महिन्यांत जपानी बोलायला लागाल, क्लासपेक्षा लवकर, पाय मात्र दुखतात.

गणपती आलेत, उकडीच्या मोदकांना कोणतं पीठ आणू?

'जोऽशिनको' आणा. साध्या तांदळाचं आहे, उकड नीट होते. 'शिरातामाको' किंवा 'मोचिको' चुकूनही नको, ते चिकट तांदळाचं असतं. पहिल्या वर्षी मी पाकीट बघून पांढरं ते पीठ म्हणून शिरातामाको आणलं, एकवीस मोदकांचा चाळणीत एकच गोळा झाला, तो चमच्याने वाटीत काढून वर तूप घालून बाप्पाला दाखवला. गूळ नसेल तर ओकिनावाचा 'कोकुतोऽ' चालतो, खवलेला नारळ फ्रोझन मिळतो, आणि जोऽशिनको संपलं असेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे दोन पाकिटं जास्तीची असतात.